वाळूत पडलेली शेवटची काडी

जमिनीवर टाकलेली वैरण घोडा कशी संपवतो, हे एकदा त्याच्या तोंडाशी बसून पाहावं. आधी मोठे घास, सावकाश. ढीग खाली गेला की वरचा ओठ कामाला लागतो. हा ओठ जवळजवळ बोटासारखा चालतो. जाड काडी बाजूला सारतो, पान निवडतो, नको ते मागे टाकतो. शेवटी उरतो चुरा: पानांचे तुकडे, तुरे, थोडं बी. वैरणीतला सगळ्यात रुचकर भाग हाच, आणि नेमका तोच वाळूत मिसळलेला. इथे ओठाची हुशारी संपते. काडी आणि पान वेगळं करणाऱ्या ओठाला पानाचा चुरा आणि वाळूचा कण वेगळा करता येत नाही. मग जीभ बाहेर येते, जमीन चाटून घेते आणि दाढांखाली बारीक करकर ऐकू येते.

वाळूचा पोटशूळ त्या करकरीपासून सुरू होतो. प्रत्यक्ष दुखणं कित्येक महिन्यांनी उठतं, म्हणून दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी घोडा लोळायला लागतो त्या दिवशी काय खाल्लं ते सगळे शोधतात. शोधायला हवं ते गेल्या सहा महिन्यांत तो कुठे खात होता.

घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की एकदा खाली गेलेलं मागच्याच दारानं बाहेर पडायला हवं. जठर तसं लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्यापुढचं लहान आतडं वीसेक मीटर लांब, पण अरुंद. तिथलं अन्न पातळ आणि वेगात वाहणारं, त्यामुळे वाळू त्याच्याबरोबर पुढे सरकते. खरी अडचण मोठ्या आतड्यात. त्याचा मुख्य भाग तीन-चार मीटर लांब, ऐंशी लिटरच्या आसपास मावेल एवढा ऐसपैस, आणि पोटात मावावा म्हणून दुहेरी घडी घालून बसवलेला. घडीचा खालचा पदर पोटाच्या तळाशी टेकलेला असतो. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी मंदावतं आणि गाळ तळाला बसतो, तसंच इथे होतं. वाळूचा दगडी कण पाण्याच्या अडीचपटीहून जड. चारा तरंगत पुढे जातो आणि वाळू खाली राहते. पुढे त्या गाळाला घडीच्या वळणावर वरच्या पदरात चढायचं असतं आणि नेमकं तिथेच आतडं एकदम निमुळतं होतं. वरचा पदर संपून आडवं आतडं सुरू होतं तिथे पुन्हा एक अरुंद गळा.

साचलेली वाळू दोन तऱ्हांनी त्रास देते. एक म्हणजे ती घासते. आतड्याचं अस्तर सोलवटतं, सुजतं, पाणी शोषून घेण्याचं त्याचं काम बिघडतं आणि लीद पातळ होते. दुसरं म्हणजे तिचं वजन. ओल्या पोत्यासारखं लटकणारं आतडं नीट आकुंचन पावत नाही, मागे वायू साठतो, कधी वाट पूर्ण तुंबते, कधी आतडं जागा सोडतं किंवा पीळ पडतो. शस्त्रक्रियेत एका घोड्याच्या पोटातून दहा किलोहून जास्त वाळू काढल्याची उदाहरणं आहेत. आकडा अशक्य वाटतो, पण हिशेब साधा आहे. रोज फक्त ५० ग्रॅम वाळू आत राहिली तर महिन्याला दीड किलो होते आणि वर्षाला अठरा. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभरसुद्धा नाही.

आधीच्या खुणा असतात, पण त्या पोटाच्या वाटत नाहीत. लीद दोन दिवस पातळ, मग आठवडाभर ठीक, मग पुन्हा पातळ. खाणं पुरेसं असूनही बरगड्या दिसू लागतात. खोगिराचा तंग कसताना घोडा कान मागे पाडतो किंवा चावायला वळतो. एरवी आनंदानं पळणारं जनावर चाल वाढवायला नाराज. मध्येच तासाभराची सौम्य कळ, पुढचा पाय आपटणं, कुशीकडे वळून पाहणं, आणि आपोआप शांत होणं. ती आपोआप शांत होणारी कळ मला सगळ्यात घातक वाटते, कारण तिच्यामुळे सगळे निर्धास्त होतात.

वाळू आत जाते आहे का, हे पाहायला घरच्या घरी एक चाचणी होते. ताज्या लिदीचे सहा गोळे घ्यायचे, तेही ढिगाच्या वरून. जमिनीला टेकलेला एकही नको, नाहीतर अंगणातलीच वाळू मोजली जाईल. पशुवैद्य खांद्यापर्यंतचा लांब प्लास्टिकचा हातमोजा वापरतात, तो यासाठी उत्तम. गोळे त्यात टाकून भरपूर स्वच्छ पाणी घालायचं, बाहेरून चोळून लीद पूर्ण मोडायची, तोंड बांधायचं आणि बोटं खाली येतील असा मोजा पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवायचा. गवताचे धागे वर राहतात, पाणी हिरवट होतं आणि बोटांच्या टोकांत वाळू उतरते. बाहेरून चिमटीत धरून चोळली की कण स्पष्ट लागतात. एका बोटाच्या टोकाला किंचित थर दिसला तर घोडा वाळू खातो आहे एवढं कळतं. चमचाभर किंवा जास्त जमली तर पशुवैद्याशी बोलायची वेळ आली. मोजा नसेल तर काचेची उभी बरणी चालते, फक्त तळाचा थोडासा थर तिच्यात पसरतो आणि नजरेतून सुटतो.

या चाचणीचा अर्थ लावताना मात्र जपून. वाळू रोज सारखी बाहेर पडत नाही. मोजा स्वच्छ निघाला म्हणजे पोट स्वच्छ, असं नाही. उलट जो घोडा खातो आहे आणि टाकत काहीच नाही, त्याचीच काळजी जास्त. म्हणून आठवडाभरात दोन-तीनदा पाहावं, आणि वाळू पुढे सरकावी म्हणून दिलेलं इसबगोल चालू असतानाही पाहावं. आत किती साचलं आहे हे खात्रीनं सांगतं ते पोटाचं क्ष-किरण चित्र. पशुवैद्य छातीच्या हाडामागे, पोटाच्या तळाशी स्टेथोस्कोप लावूनही ऐकतात. वाळू हलत असेल तर लाट किनाऱ्यावर येऊन ओसरावी तसा आवाज येतो, पण त्यासाठी चार-पाच मिनिटं कान लावून थांबावं लागतं.

आता खाण्याकडे. वाळूच्या पोटशुळावर भुकटी, तेल, औषध यांची चर्चा फार होते आणि वैरणीची त्यामानानं कमी. खरं तर मोठ्या आतड्यातली वाळू पुढे ढकलणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे लांब धाग्याचा चारा. भरलेलं आतडं जोरानं आकुंचन पावतं, आणि चाऱ्याचे धागे कण आपल्यात गुंतवून पुढे नेतात. रिकाम्या, सुस्त आतड्यात वाळू बसून राहते. आणि चारा समोर असलेला घोडा जमीन हुंगत फिरत नाही. एकाच उपायानं आत जाणारी वाळू कमी होते आणि आतली पुढे सरकते. असा दुहेरी फायदा देणारं दुसरं काही नाही.

किती चारा? शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के, कोरड्या वजनात. ४५० किलोच्या घोड्याला म्हणजे पावणेसात ते नऊ किलो. वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतं, तेव्हा प्रत्यक्षात आठ ते दहा किलो गवत तोलून द्यायला हवं. तोलून हा शब्द महत्त्वाचा. कवेत मावेल तेवढं गवत एका गंजीतलं दोन किलो भरतं, दुसऱ्या गंजीतलं साडेतीन. लटकता वजनकाटा तबेल्यात असावाच. स्थूल घोड्याचं खाणं कमी करायचं असलं तरी चारा एकदम तोडू नये. कमी कसाचं, देठाळ गवत निवडावं आणि बारीक जाळीतून द्यावं, म्हणजे तेवढाच चारा जास्त वेळ पुरतो.

आणि केव्हा? मोकळ्या माळावर घोडा दिवसातले सोळा-सतरा तास चरतो. त्याचं पोट लांब उपासासाठी घडलेलंच नाही. दोन खाण्यांमध्ये चार ते सहा तासांहून जास्त अंतर नको, रात्रीचंही गणित त्यात आलं. संध्याकाळी सहाला शेवटची वैरण, ती आठला संपली, आणि पहाटे सहापर्यंत काही नाही; हे दहा तास घोडा जमीन चिवडण्यात घालवतो. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा ठेवावा. उपाशी घोडा वाळूच्या आवारात कधीही सोडू नये, हा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं असं मला वाटतं. आधी ठाणावर दोन-अडीच किलो गवत पोटात जाऊ द्यावं, मग दार उघडावं, आणि आवारातही वैरण असावी. चार घोडे एकत्र असतील तर वैरणीच्या जागा पाच. दबून राहणारा घोडा नेहमी इतरांनी सांडलेलं वेचतो, आणि वाळू त्याच्याच पोटात जास्त जाते.

जागेचं पाहू. भुईपासून उंच गव्हाण किंवा जाळी टांगली की प्रश्न सुटला, असं समजणं सोपं. पण उंचावरून ओढलेली वैरण सगळ्यात जास्त सांडते. घोडा घास ओढतो, झटकतो, आणि बारीक पान खाली वाळूत. शिवाय मान वर करून खाताना धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. मान खाली घालून खाणं हे त्याच्या श्वासनलिकेसाठीही चांगलं, कारण त्या स्थितीत नलिकेतला स्राव बाहेर निघून येतो. म्हणून तोंड खाली राहावं आणि वाळू मात्र तोंडापासून दूर, अशी मांडणी हवी. रुंद, खोल, जड टब किंवा चारी बाजूंनी बंद पेटी, आणि तिच्याखाली रबरी चटई. चटई पेटीच्या प्रत्येक बाजूला किमान एक-सव्वा मीटर बाहेर यायला हवी, कारण घोडा घास तोंडात धरून मागे सरकतो, मान वळवतो आणि तिथे चावत उभा राहतो. पेटीएवढीच चटई टाकली तर सांडलेला चारा बरोबर तिच्या कडेपलीकडे पडतो. पेटीच्या तळाला बारीक फटी असाव्यात, म्हणजे वैरणीतूनच आलेली माती खाली गळून जाते. सपाट बंद तळाच्या पेटीत ती साचते आणि शेवटच्या घासाबरोबर पोटात जाते.

जाळी वापरायचीच असेल तर भोकं तीन-चार सेंटिमीटरची, आणि बांधताना रिकाम्या जाळीची उंची धरावी. भरलेली जाळी छातीशी दिसते, रिकामी झाल्यावर गुडघ्यापर्यंत लोंबते आणि त्यात टाप अडकते. नाल मारलेल्या घोड्याला जमिनीवर सुटी जाळी देऊ नये. नालेची टाच धाग्यात अडकते. पेटीत जाळी ताणून बसवली तर ती पेटीच्या काठाखाली राहील आणि काठ टापेच्या पोहोचेबाहेर असेल, हे पाहावं.

दाण्याची चंदी सांडण्याचं प्रमाण वैरणीपेक्षा जास्त, आणि एकेक दाणा वेचायला घोडा जमीन अक्षरशः चाटतो. यावर जुना तोबरा अजूनही उत्तम. तोंडाला बांधला की एक दाणा खाली पडत नाही. तो कोरडा, स्वच्छ आणि हवा खेळेल असा असावा, आणि खाणं संपताच काढावा. तोबरा बांधलेल्या घोड्यानं पाण्यात तोंड घातलं तर पिशवी भरून तो गुदमरू शकतो. एखादा घोडा टबातूनही फार सांडत असेल, अर्धवट चावलेले बोळे बाहेर टाकत असेल, तर आधी त्याच्या दाढा तपासून घ्याव्यात. धारदार कडा किंवा सैल दाढ असली की तो चावतो, टाकतो, आणि तोच ओला, वाळू चिकटलेला बोळा पुन्हा उचलतो. म्हाताऱ्या घोड्यांत वाळू साचण्याचं मूळ अनेकदा तोंडातच सापडतं.

चराऊ कुरणातही वाळू जाते, हे लोकांना पटायला वेळ लागतो. हिरवं दिसतं म्हणून सुरक्षित वाटतं. गवत बोटभर उरलं की घोडा पातं तोडत नाही, ते उपटतो. मुळाला वाळूचं ढेकूळ लटकलेलं, तेही पोटात. वालुकामय जमिनीत मुळांची पकड आधीच कमी. नुकतं पेरलेलं, मूळ न धरलेलं गवत तर चिमटीनं उपटून येतं. चरायला सोडण्याआधी मूठभर गवत स्वतः ओढून पाहावं: पातं तुटलं तर ठीक, झुबका मुळासकट आला तर कुरण अजून तयार नाही. गवत पंधरा-वीस सेंटिमीटर वाढलं की सोडावं, आठ-दहापर्यंत उतरलं की काढून घ्यावं आणि दुसऱ्या तुकड्यात न्यावं. जोराच्या पावसानंतर खालच्या पानांवर वाळूचे शिंतोडे वाळून बसतात. पुराचं पाणी येऊन गेलेलं कुरण एकदोन चांगल्या सरींनी धुऊन निघेपर्यंत बंद ठेवावं.

वैरणीबरोबरही माती येते. कापणीच्या वेळी गवत गोळा करणारी दाताळी जमिनीला खरवडत गेली असेल तर पेंढीच्या बुडाशी ती सापडते. पेंढी सोडून फरशीवर झटकावी आणि खाली काय पडतं ते पाहावं. गाजरं, बीट धुऊनच द्यावीत. पाणी उथळ, वाळूच्या तळाच्या ओढ्यातून पाजण्यापेक्षा उंच टाकीतून द्यावं, आणि टाकीचा तळ बोटांनी चाचपावा. वाऱ्यानं उडालेली वाळू तिथेही बसते. पाणी पुरेसं नसेल तर एवढा चारा देण्याचा उपयोग नाही. साध्या हवेत पंचवीस ते पन्नास लिटर, उन्हात आणि कामात त्याहून जास्त. कोरडं पडलेलं आतडं वाळू धरून ठेवतं.

मिठाचं एक. काही घोडे भूक नसताना, वैरण समोर असताना माती चाटतात. त्यामागे कंटाळा असतो, एकटेपण असतो, कधी मिठाची ओढही असते. काम न करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम मीठ लागतं, घाम गाळणाऱ्याला बरंच जास्त. चाटण्याची वीट टांगलेली असते, पण ती पुरेल एवढी चाटणारे घोडे थोडेच. मीठ चंदीत मिसळून देणं खात्रीचं. वीट जमिनीवर मात्र ठेवू नये. ती पावसात पाझरते, भोवतालची वाळू खारट होते आणि घोडा वीट सोडून वाळू चाटत बसतो. शिंगरांचं वेगळंच. पहिल्या महिन्यांत ती आईची लीद खातात, आणि ते नैसर्गिक आहे, त्यातून आतड्यातले उपयुक्त जंतू मिळतात. पण ती लीद वाळूवर पडलेली असेल तर वाळूही जाते. व्यायलेल्या घोडीचा मुक्काम गवताळ किंवा पक्क्या, गवत अंथरलेल्या जागी असलेला बरा.

इसबगोलाविषयी लोकांचा विश्वास मोठा आहे, आणि तो थोडा सावरून घ्यायला हवा. पाण्यात फुगून बुळबुळीत होणारी ही साल वाळूचे कण धरून पुढे नेते, अशी कल्पना. प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत नुसत्या इसबगोलानं फारसा फरक पडला नाही, काहींत पडला. साचलेली वाळू काढताना पशुवैद्य नाकातून जठरात नळी घालून इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र, रोज, काही दिवस देतात, आणि ही जोडी एकेकट्यापेक्षा चांगलं काम करताना दिसली आहे. ते घरी करायचं काम नाही. घरी करण्याजोगं आहे ते प्रतिबंधासाठी: वजनाच्या प्रत्येक किलोला अर्धा ते एक ग्रॅम साल, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला २२५ ते ४५० ग्रॅम, दिवसातून एकदा, महिन्यातले पाच ते सात दिवस ओळीनं. मग थांबायचं. रोज वर्षभर दिलं तर मोठ्या आतड्यातले जंतू ते पचवायला शिकतात आणि ते बुळबुळीतपण वाळूपर्यंत टिकत नाही.

देण्याची रीत बिघडली की सगळं फुकट. आधी भिजवून ठेवलं तर दहा मिनिटांत खळ तयार होते आणि बहुतेक घोडे तोंड फिरवतात. कोरडी भुकटी नुसती टाकली तर हावरा घोडा ती गटकन गिळतो आणि अन्ननलिकेतच फुगून घास अडकण्याची भीती. मधला मार्ग असा: थोडी चंदी घ्यावी, तेलाचा हात फिरवावा, साल तिच्यावर चोळून लावावी आणि लगेच समोर ठेवावी, शेजारी भरपूर पाणी. पहिल्या दिवशी मापाच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात केली तर घोडा चव स्वीकारतो. इतर तोंडी औषधं चालू असतील तर दोन्हींमध्ये काही तास ठेवावेत. आणि कोंड्याची गरम पेज वाळू धुऊन काढते हा समज सोडून द्यावा. तिनं लीद तेवढी सैल होते, तळाची वाळू जिथली तिथेच राहते.

कळ उठलेल्या घोड्याला यातलं काहीही देऊ नये. चारा आणि चंदी काढून घ्यावी, पशुवैद्याला बोलवावं, तो येईपर्यंत नाडी मोजावी. विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात. साठीच्या वर गेले तर फोनवरच सांगावं. बाटलीनं तेल पाजणं तर कधीच नाही. ते फुप्फुसात उतरतं, आणि वाचू शकणारा घोडा न्यूमोनियानं जातो.

पुन्हा त्या चटईकडे येतो, कारण रोजचं काम तिथेच असतं. ती दिवसातून दोनदा झाडावी, नवी वैरण टाकण्याआधी. झाडणारा माणूस सवयीनं केर कडेवरून बाहेर लोटतो, आणि त्या केरात पानांचा चुरा असतो. घोडा दोन मिनिटांत तिथे पोहोचतो, वाळूत ओठ खुपसतो. केर सुपात भरून उचलावा आणि आवाराबाहेर टाकावा.